पाय लावायची वस्तू

खंडेनवमीला बदलापूरच्या एका गायकाच्या घरात हार्मोनियम, तबला-डग्गा आणि टाळ पाटावर मांडले जातात. शेजारी एक चपटी लोखंडी पेटी असते. तिलाही हळदकुंकू, तिलाही झेंडूचं फूल. पुढच्या कार्यक्रमाला हीच पेटी गायकाच्या पुढ्यात जमिनीवर असते, आणि तो चपला काढून तिच्यावर पाय देतो. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे अंगात भिनलेलं; आणि ही वस्तू तर पाय लावण्यासाठीच बनवलेली. सुरुवातीला तो प्रत्येक गाण्याआधी वाकून तिला हात लावायचा. लोकांना वाटायचं, गडी स्टेजच्या पाया पडतोय.

तिला कुणी ‘व्होकल प्रोसेसर’ म्हणत नाही. म्हणतात ‘एको’. “दादा, एको जरा वाढव,” एवढंच साउंडवाल्याला सांगायचं असतं.

त्याची एकोची ओढ मात्र कुठल्याही यंत्राच्या आधीची. वडील अंबरनाथला विमकोत, आगपेट्यांच्या कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी ते त्याला शिवमंदिरात न्यायचे. शिलालेखात शके 982 असलेलं, म्हणजे 1060 सालचं हे शिलाहारांचं देऊळ. सभामंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरलं की गाभारा. वर छत नाही, आभाळच. मंडपात ‘ओम’ म्हटलं की दगड तो थोडा वेळ धरून ठेवायचे. गाभाऱ्यात म्हटलं की आवाज सरळ वर निघून जायचा. एकाच देवळात दोन आवाज कसे, हे कोडं त्याला कितीतरी वर्षं पुरलं.

पुढे ऑर्केस्ट्रात वायरी गुंडाळायला लागल्यावर त्याने खरी एको मशीन पाहिली. रोलँडची ‘स्पेस एको’, 1974 सालचं मॉडेल. आत टेपचा वेटोळा फिरत राहतो. एक हेड आवाज टिपतं, पुढची तीन हेडं तोच आवाज थोड्या थोड्या अंतराने परत सोडतात. टेपचा वेग कमी केला की आवाज उशिरा परततो. टेप झिजली की तो खरखरतो, गढूळ होतो, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच जास्त गोड लागतो. पण या मशीनने त्याला एक वाईट खोडही लावली. सूर हलला, दम संपला, शब्द अर्धवट राहिला, तरी मागून येणारी लाट सगळं झाकून न्यायची. टाळ्या पडायच्या. घरी तंबोऱ्यावर बसलं की तोच गळा उघडा पडायचा.

स्वतःची पहिली पेटी त्याने उल्हासनगरातून घेतली. फाळणीनंतर लष्कराच्या कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले, 1949 साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना माणसं अजून ‘कॅम्प नंबर तीन’ असंच म्हणतात. पेटीवर परदेशी नाव होतं. ‘यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद सगळ्यांनी त्याला ऐकवला. उघडून पाहिली तर डाग दिलेले सांधे हातचेच होते. तिच्यातली चिप आवाजाचा विद्युतभार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात देत जायची, टँकरपासून घरापर्यंत रांगेने हातोहात बादल्या पोचवाव्यात तशी. म्हणूनच इंजिनिअर तिला ‘बकेट ब्रिगेड’ म्हणतात. पेटी कधी रुसली नाही. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी घरात आली, तेव्हा गेली.

नवी घेताना तो चार दुकानं फिरला. माईकची तीन पिनांची वायर थेट लागते का, हे आधी पाहिलं. गिटारच्या पेडलला माईक जोडून त्याने पूर्वी हात पोळून घेतले होते. मग बटणं. स्क्रीनवरचा मेनू मांडवाच्या झगझगाटात दिसत नाही, गोल नॉब अंधारातही बोटांना सापडतो. विक्रेत्याने हार्मनी दाखवली. आपण एक सूर लावायचा, पेटी जोडीला दुसरा लावते. फक्त पट्टी सांगायची: त्याची काळी एक, म्हणजे सी शार्प, आणि मेजर की मायनर. त्याने भैरवी धरली. कोमल रिषभावर गळा गेला आणि पेटीची सोबत वेगळ्याच घराण्याची निघाली. सूर दुरुस्त करणारं बटणही होतं. 1997 साली अँडी हिल्डेब्रँडने ऑटोट्यून आणलं, त्याआधी तो भूगर्भातल्या लहरींवरून तेलाचे साठे शोधण्याच्या गणितात होता. या पेटीतलं बटण मात्र गायकाच्या मींडेच्या पायऱ्या करू लागलं. ते त्याने कायमचं बंद ठेवलं.

आणखी एक अडचण विक्रेत्याला ठाऊकच नव्हती. भजनाला गायक मांडी घालून बसतो. एक हात भात्यावर, एक सुरांवर. पाय लावायचा कुठून? तिथे पेटी हार्मोनियमच्या बाजूला येते, आणि दोन ओळींच्या मधल्या श्वासात करंगळीने नॉब फिरवावा लागतो.

आता तो नॉब फारसा फिरत नाही. सिमेंटच्या हॉलमध्ये तर शून्यावरच. भिंतीच पुरेशा बोलतात. मोकळ्या मैदानात तीनशे मिलीसेकंद, म्हणजे पन्नासेक मीटरवरच्या भिंतीला लागून परतणारा आवाज.

गेल्या हंगामात बदलापूरजवळच्या एका आगरी घरी हळद होती. बेंजो, कोळीगीतं, तुडुंब अंगण. दहा वाजले, 2000 सालच्या नियमाने भोंगे बंद. तो वायरी काढत असताना ओट्यावर बसलेल्या, लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या धवलारीणबाईने धवळा धरला. माईक नाही, घाई नाही, आवाज जरासा चिरका. शेताच्या जागी आता समोर टॉवर उभा आहे. ओळ संपली की तिचं शेवटचं अक्षर त्या भिंतीवरून परत येत होतं.

अडीचशे असेल, त्याने मनात मोजलं, आणि पेटी उचलायची सोडून ओट्याच्या कडेला टेकला.