पिशवीतलं पाणी



मागच्या लेखात लिंबाच्या लोणच्याबद्दल लिहिलं तेव्हा एकीने विचारलं होतं की फोटोत मागे काचेची पेटी दिसते ती कसली. ती फिशटँक आहे. जैनाच्या घरी मासे? हो, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि अजून पूर्ण सुटलेला नाही.

नातू तेरा वर्षांचा. त्याला वाढदिवसाला टँक हवा होता. मी आधी नाहीच म्हटलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला पहिलाच ‘बंध’, म्हणजे जिवाला कोंडून ठेवणं. पाचवा अन्नपाननिरोध. मासा तर पंचेंद्रिय जीव. पण मुलगा म्हणाला, "आई, हे मासे टँकमध्येच जन्मलेले आहेत, आपण नाही घेतले तर दुसरं कोणीतरी घेईल." हा युक्तिवाद मला पटला नाही, तरी नातवाच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसले. अटी घातल्या. जिवंत अळ्या खायला घालायच्या नाहीत. दुसऱ्याला खाणारा मासा आणायचा नाही. आणि कंटाळा आला म्हणून सोडून द्यायचा नाही.

टँक दोन फूट बाय एक फूट, उंची सव्वा फूट. मी बी.कॉम., त्यामुळे हिशेब आधी करते. अडीच घनफूट म्हणजे साधारण सत्तर लिटर. वर थोडी जागा सोडली, खाली वाळू टाकली की साठ लिटर पाणी धरावं. आमचं बोअरचं पाणी जड, पातेल्याला पांढरा थर बसतो तसलं. म्हणून नातवाने गप्पी निवडले, त्यांना जड पाणी मानवतं. हे तेच गप्पी, जे हिवताप विभागाचे लोक डासांच्या अळ्या खायला हौदात आणि विहिरीत सोडतात. मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडचे. फक्त शेपट्या रंगीत केलेल्या, पिढ्यान् पिढ्या निवडून.

जऊळक्यात असलं दुकान कुठून असणार? म्हणून मोबाईलवरून दहा पिल्लं मागवली. कुरिअर गावात येत नाही, मालेगावहून आणावं लागतं. आषाढ चालू होता. खोकं दोन दिवसांत यायचं ते चौथ्या दिवशी आलं, तेही संध्याकाळी. मुलगा ते घरी ठेवून सगळ्यांना घेऊन वाशीमला लग्नघरी गेला. जाताना नातू मला बजावून गेला, "आजी, पिशवी उघडू नकोस. मी सकाळी येऊन बघतो."

थर्माकोलच्या खोक्यात फुगवलेली पिशवी होती. आत चार बोटं पाणी आणि बाकी ऑक्सिजन. पिल्लं नखाएवढी, तळाशी धापा टाकत होती. मला बघवेना. चार दिवस त्या जिवांना ना दाणा, ना हवा, असं मनात आलं. (पाठवण्याआधी एक-दोन दिवस मुद्दाम उपाशीच ठेवतात, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही, हे मला नंतर कळलं.) मी कात्रीने पिशवीचं तोंड कापलं, ती बादलीत उभी केली आणि हवेच्या पंपाची नळी त्यात सोडली. बुडबुडे यायला लागले तसं मला बरं वाटलं. णमोकार म्हणून झोपले.

पहाटे बघितलं तर सात मेलेली.

मी काय केलं माहीत आहे? पिशवीचं तोंड मुरगाळून रबर लावलं आणि खोक्यात ठेवून दिलं. नातू आला, रडला, विकणाऱ्यावर चिडला. त्यांची जिवंत पोहोचवण्याची हमी होती, पण त्यासाठी न उघडलेल्या पिशवीचा व्हिडिओ लागतो. तो नव्हता, म्हणून पैसे परत मिळाले नाहीत. नातवाने त्यांना एक तारा देऊन ‘फसवे लोक’ असं लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही.

आठवडाभराने त्यानेच कुठूनतरी शोधून मला समजावलं की असे मासे का मरतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. बंद पिशवीत त्याच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइडही साठतो आणि पाणी आंबट होतं. आंबट पाण्यात अमोनियाचं रूप बदलतं आणि तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा पीएच वर चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. पीएच एक अंकाने वाढला तर विषारी भाग जवळजवळ दहापट. पंप लावला तर हे आणखी लवकर. "म्हणून उघडायची नाही म्हणालो होतो आजी," तो म्हणाला, "आणि उघडली की लगेच मासे काढून घ्यायचे." माझ्यावर त्याचा संशयसुद्धा नव्हता. तेच जास्त लागलं.

दोन महिने गेले. भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं, उत्तम सत्याच्या दिवशी मी मंदिरात बसले होते पण लक्ष नव्हतं. क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो, फोनवर, गल्लीत, ज्यांच्याशी वर्षभर बोललोही नाही त्यांनासुद्धा. त्या दिवशी नातवाला समोर बसवलं आणि सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी त्या माणसाला वाईट लिहिलं." त्याने ते लिहिलेलं काढून टाकलं आणि त्या माणसाला फोन करून माफी मागितली. मीही बोलले. तो बिचारा गडबडून गेला.

दिवाळीनंतर, हवा थंडावल्यावर, त्याच्याचकडून आठ पिल्लं मागवली. उरलेल्या तिघांपैकी दोन तोवर टँकमध्ये वाढत होते. यावेळी सगळे घरी होते. बंद पिशवी वीस मिनिटं दुसऱ्या छोट्या टबातल्या पाण्यावर तरंगत ठेवली, दिवा बंद, म्हणजे दोन्हीकडचं तापमान एक होतं. मग पिशवी कापली, मासे जाळीने उचलून टबात घेतले. पिशवीतलं पाणी टबात घालायचं नाही, टँकमध्ये तर नाहीच. तीन आठवडे ते टबातच राहिले. क्वारंटाईन हा शब्द आता कोणाला समजावून सांगायला नको.

त्या पिशवीतल्या पाण्याने मला मात्र अडवलं. आपण पाणी गाळलं की जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत नेऊन सोडतो, हे सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं. हे पाणी कुठल्या विहिरीत नेऊ? नातू म्हणाला, गटारात ओत. शेवटी जास्वंदीच्या कुंडीत घातलं. बरोबर केलं की नाही, ठाऊक नाही.

पण टँकच्या फिल्टरचा स्पंज धुताना त्याला बघितलं आणि मी थबकले. तो नळाखाली धुवत नाही. टँकमधलंच पाणी मगभर काढतो आणि त्यात पिळतो. का, तर स्पंजात जिवाणू राहतात, तेच अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नळाच्या ब्लीचिंग पावडरने ते मरतात. टँक नवा असेल तर हे जिवाणू वाढायलाच महिनाभर जातो. सासूबाई गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुवायच्या, ते मला आठवलं. कारणं वेगळी आहेत, हे मला कळतं. तरी नातवाला मी गाळणं दाखवलं, आणि त्याने पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलं.

आठांपैकी एक टबातच गेला. सात टिकले. मेलेल्याला अंगणात पुरला.

शेजारच्या ताई म्हणतात, इतकं वाईट वाटतं तर तलावात सोडून द्या, जीवदया होईल. तसं करायचं नाही. दुकानात ‘टँक साफ करणारा’ म्हणून विकतात तो सकरफिश लोकांनी असाच सोडला, आणि आज आंध्र, बंगालच्या तळ्यांत तो इतका माजलाय की मासेमारांची जाळी फाटतात आणि तिथले मूळचे मासे मागे पडतात.

आता नवीनच घोळ. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. परवा हिरव्या शेवाळात सहा ठिपके हलताना दिसले. मोठे मासे ती खातात, म्हणून नातवाने ती टबात काढली. नर-मादी वेगळे करा, असं मी सुचवलं. तो हसला. म्हणाला, "आजी, एकदा भेट झाली की मादी पुढे कितीतरी महिने पिल्लं देत राहते." म्हणजे ब्रह्मचर्याचा इथे लगेच उपयोग नाही. साठ लिटरात किती मावतील याचा कागद मी काल मांडायला घेतला आहे.