चौकोनाचा घेर

60 इंच पन्ह्याच्या कापडातून 60 इंचांचाच तुकडा घेतला की बरोबर चौकोन मिळतो. त्याची चौघडी घालून मधल्या टोकाशी साडेचार इंचांचा पाव गोल कापायचा. उलगडल्यावर 28 इंचांच्या कमरेचा स्कर्ट समोर असतो. बाजूंच्या मध्यावर लांबी साडेपंचवीस इंच भरते, कोपऱ्यांवर जवळजवळ 38. साडेबारा इंचांचा हा फरक चौकोनातच असतो. कात्री कितीही सरळ चालवा.

तिनं असा स्कर्ट पहिल्यांदा शिवला तो कॉलेजात असताना, जयपुरी सिंगल चादरीतून. तोवर अंगावर सरळ कडेचेच कपडे होते. आई परकर शिवायची, वर नेफा, खाली काठ, आणि मध्ये वाढत्या अंगासाठी घातलेले टक. मुलगी उंच झाली की एक टक उसवायचा. परकर पुन्हा घोट्याशी यायचा आणि टकात दडलेल्या, न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा वर्षभर दिसत राहायचा. परकराचा काठ मागावरच सरळ विणलेला असतो, म्हणून तो जमिनीशी समांतर राहतो. त्यात शिवणारीचं कौतुक अर्धं, विणकराचं अर्धं!

चादरीवर बगरूची बुटी होती. जयपूरजवळच्या या गावात छिपा समाजाचे कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. दाबू पद्धतीत चिकणमाती, चुना आणि डिंक यांचा लगदा ठशानं लावतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात. कापड निळीत बुडवलं तरी मातीखालची नक्षी कोरी राहते. तिनं ही बुटी मुद्दाम निवडली, कारण त्या बुटीला उलट-सुलट नव्हती. चौकोनी स्कर्टमध्ये पुढे देठावर उभं असलेलं फूल मागे डोक्यावर उभं राहतं आणि दोन्ही कुशींवर आडवं पडतं. चौकड्यांचं कापड घेतलं तर कोपऱ्यांवर त्यांच्या शंकरपाळ्या होतात. कापड विकत घेण्याआधी ते कमरेशी धरून चारी अंगांनी पाहावं, हे तिचं तेव्हापासूनचं ठाम मत.

कोपरा खाली येतो तो उरेब येतो. उभा-आडवा धागा तिरका लोंबला की वीण सरकते, कापड अरुंद होतं आणि लांबतं. त्यामुळे शिवण्याआधी स्कर्ट रात्रभर टांगून ठेवायचा, आणि कमरेच्या गोलाला कापल्या कापल्या एक टीप मारायची, नाहीतर तो चार ठिकाणी सैल पडतो. पॅरिसच्या मादलेन व्हियोने या शिवणकर्तीनं उरेब कापडाच्या याच स्वभावावर आपलं काम उभं केलं. लहानशा लाकडी बाहुलीवर कापड लोंबवून ती कपडे रचायची. 1920च्या सुमाराचा तिचा एक पोशाख केवळ चार चौकोनांचा आहे, कोपरे खाली सोडलेले. त्याच दशकाच्या अखेरीस खालीवर कडांची फॅशनच आली.

व्हियोनेचं हे सगळं तिला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. कॉलेजच्या दिवसांत तिला ऐकू यायचं ते एवढंच: “अगं, एका बाजूनं लोंबतंय, नीट करून घे.” शेजारच्या काकूंनी तर सुई-दोराही आणला होता. आईनं मात्र ती कड बोटांनी चाचपली, चारी कोपऱ्यांवरची दुमड तिरकी कापून चपटी बसवलेली पाहिली, आणि आपल्या पायमशीनचं झाकण लावलं. त्या घरात शिवणाला यापेक्षा मोठी दाद नव्हती.

चादरीतला उरलेला 60 बाय 30चा तुकडा दोन उशांचे अभ्रे झाला. स्कर्ट नोकरीच्या पहिल्या वर्षांत अंगावर राहिला. धुऊन धुऊन निळा रंग फिका पडला, कोपरे आणखी उतरले.

आता तिच्या मुलीला तसाच हवा आहे, पण दोन चौकोनांचा, एकावर एक 45 अंशांत फिरवलेला, म्हणजे आठ कोपरे. आणि चेन नको, इलॅस्टिक. इलॅस्टिकचा स्कर्ट नितंबांवरून चढला पाहिजे, तर गोल सहा इंचांचा घ्यावा लागेल आणि लांबी सगळीकडे दीड इंचानं कमी होईल. मुलीला बाजू गुडघ्याखाली हव्यात. 60 पन्ह्यात ते बसत नाही. 72चं कापड शोधावं लागणार, तेही दोन रंगांत, आणि दोन्हीकडे बुटी अशीच, उलट-सुलट नसलेली.