भुईगावचं बावखल

मे महिन्याचा शेवटचा रविवार. सकाळचे सात वाजले होते आणि मी भुईगावातल्या एका वाडीत गुडघाभर काळ्या गाळात उभी होते. पहिलं घमेलं उचललं आणि खांद्यातून कळ गेली. ओला गाळ दिसायला लोण्यासारखा, पण वजनाला दगड. काठावरून आजींनी हाक दिली, "अर्धंच भर गं बाय, नाहीतर दुपारपर्यंत टिकायची नाहीस."

आजी माझ्या बँकेतल्या मैत्रिणीच्या सासूबाई. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांच्या वाडीच्या कोपऱ्यातलं बावखल कित्येक वर्षांत उपसलं गेलं नव्हतं. जलपर्णीने ते इतकं भरलं होतं की नवख्या माणसाला ते हिरवं मैदानच वाटावं. यंदा घरच्यांनी ठरवलं, पावसाच्या आत साफ करायचं. शेजारपाजारचे आले, गावातली आठ-दहा मुलं आली, तुंगारेश्वरच्या पायथ्याकडचे चार आदिवासी मजूर आले. मैत्रिणीने मला सहज विचारलं आणि मीही आले.

बावखल हा शब्द वसईच्या पश्चिम पट्ट्यातला. ती विहीर नाही आणि तळंही नाही. पूर्वजांनी वाडी करताना जमिनीत एक मोठा, पसरट खड्डा खणला. निघालेली माती बाजूला पसरून लागवडीची जमीन उंच केली आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठू दिलं. त्यावर रहाट बसवला, बैल गोल फिरू लागला आणि पाटाने पाणी केळीपर्यंत गेलं. मासे सोडले, कपडे धुतले, पोरं पोहायला शिकली. पण बावखलाचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. अशा किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. वरचं गोडं पाणी उपसलं की खालचं खारं वर सरकतं. बावखल पावसाचं पाणी धरून ठेवतं, हळूहळू जमिनीत मुरवतं आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. खणलेला खड्डा एकाच्या जमिनीत, पण मुरलेलं पाणी कुणाच्या बांधापाशी थांबत नाही.

भुईगाव खुर्द आणि भुईगाव बुद्रुक असे गावाचे दोन भाग. वसई स्टेशनबाहेरच्या अंबाडी रोडची गर्दी ओलांडून पश्चिमेला निघालं की इमारती विरळ होतात, रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी नारळ वर येतात. उतरत्या कौलांची घरं, अंगणातला क्रूस, जरा पुढे एखादं तुळशीवृंदावन, केळीची दाट रांग, अळवाचे वाफे, ओट्यावर फुलांच्या टोपल्या. गाव संपतं तिथे सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. या पट्ट्यातल्या बायकांनी पहाटेच्या लोकलने भाजी आणि फुलं मुंबईच्या बाजारात नेली आणि त्या पैशांवर घरं उभी केली, मुलं शिकवली. आजीही त्यांच्यातल्याच. "टोपली डोक्यावर आणि पोरगं कडेवर," त्या सांगत होत्या. सांगताना हात आपोआप डोक्याकडे गेला.

नऊच्या सुमारास तळाशी पाणी दिसू लागलं. मरळ मासे चिखलात वळवळत होते. मुलांनी ते पाण्याने भरलेल्या पिंपात अलगद टाकले, पुन्हा सोडायचे म्हणून. आम्ही साखळी करून गाळ वर देत होतो. वर आला की तो थेट केळीच्या बुंध्याशी जाई. या गाळाइतकं चांगलं खत नाही, असं शेजारचे काका म्हणाले.

मग आजींनी मला विहिरीपाशी नेलं. "चाखून बघ." मी ओंजळ तोंडाला लावली. पाणी मचूळ होतं, जिभेवर मीठ रेंगाळत राहिलं.

"पूर्वी याच विहिरीचं पाणी पाहुणे मागून प्यायचे. टँकर सुरू झाले आणि पाणी बिघडलं," त्या म्हणाल्या.

मी गप्प झाले, कारण टँकर म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. १९८८ साली आम्ही गिरगावातल्या चाळीतली एक खोली सोडून नवघरच्या नव्या इमारतीत राहायला आलो. दोन खोल्या, गॅलरी, आणि नळ मात्र कोरडे. रात्री अकरा-बाराला टँकरचा आवाज आला की आई मला उठवायची. मी बादली घेऊन जिना उतरायचे. पाणी इतकं गोड आणि गार असायचं की आई म्हणायची, गिरगावापेक्षा इथलं पाणी चांगलं. ते कुठून येतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. टाकी भरली की आम्ही झोपायचो.

ते पाणी याच गावांच्या पोटातून येत होतं. स्टेशनजवळ इमारती वाढत गेल्या, नळयोजना मागे राहिल्या आणि वाड्यांमधल्या विहिरींवर मोठे पंप बसले. काही विहीरमालकांनी पाणी विकलं. न विकणाऱ्यांच्याही विहिरी खाऱ्या झाल्या, कारण जमिनीखाली कुंपण नसतं. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि गावोगावची माणसं पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरली. पुढे उसगाव, पेल्हार आणि सूर्या धरणांचं पाणी शहराला मिळालं. तोवर खाऱ्या पाण्याने पुष्कळ वाड्यांमधली पानवेल गेली होती.

मी आजींना सगळं सांगितलं. रात्रीची बादली, आईचं वाक्य, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू लहान होतीस. तहान तर तुम्हालाही होतीच ना." मग घमेल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चल, अजून एक कोपरा राहिलाय."

त्या एका वाक्याने मला जेवढं हलवलं, तेवढं कुठल्याही दोषारोपाने हलवलं नसतं.

बारा वाजता काम थांबलं. ओट्यावर ताटं मांडली होती. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, अळूचं फदफदं, कैरीचं लोणचं. मजूर आपापली ताटं घेऊन आंब्याखाली वेगळे बसायला निघाले. आजींनी त्यांना हाक मारून आमच्याच पंगतीत बसवलं आणि भाकरी आधी त्यांच्या ताटात वाढली. त्यात कसला आविर्भाव नव्हता. इतकी वर्षं जसं चाललं, तसंच चाललं होतं.

त्या पंगतीत मला राहवलं नाही. मी म्हणाले, "या गावात सापडलेल्या दगडावर हेच लिहिलंय."

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी शेजारच्या सोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकरला. त्याच वर्षी सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा मात्र मिळाला इथे, भुईगावात, १९५६ साली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, ब्राह्मी लिपीतला तो लेख. मी तो पुस्तकात वाचला होता आणि या गावाचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते त्यातूनच. अशोक त्यात म्हणतो की माणसं आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. मोठं फळ देणारं मंगल वेगळंच. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राणिमात्रांविषयी संयम ठेवणं, श्रमण-ब्राह्मणांना दान देणं, हे ते मंगल.

मुलांपैकी एकजण म्हणाला, "दगड सापडला हे शाळेत सांगितलं होतं. त्यात काय लिहिलंय हे कुणी नाही सांगितलं."

आजी पदराला हात पुसत म्हणाल्या, "राजाला गड्यांचं सुचलं होतं होय!" आणि शेवटची भाकरी मोडून दोन मजुरांच्या ताटात अर्धी-अर्धी घातली.

त्या पंगतीत मला माझंच एक जुनं मत आठवलं. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा पश्चिम पट्ट्यातल्या अनेक गावांनी गाव म्हणूनच राहू द्या, अशी मागणी केली. मी तेव्हा शहराच्या बाजूने विचार करत असे. रस्ते येतील, सोयी येतील, मग विरोध कशाला? २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. जुलै २०१८च्या पावसात आमच्या इमारतीचा तळमजला बुडाला, लोकल बंद पडल्या, वीज गेली. पाणी जिरायच्या जागा आपण बुजवल्या, हे तेव्हा सगळेच बोलत होते. त्या जागांना नाव आहे आणि त्या राखणारी माणसं आहेत, हे मला गाळात उतरल्यावर समजलं. या माणसांना गाव हवं होतं ते अडाणीपणापायी नव्हे. आपल्या जमिनीतला एक तुकडा पाण्याला देऊन टाकायचा, ही त्यांची राहण्याची रीत होती आणि इमारतीच्या नकाशात त्या तुकड्याला जागा नव्हती.

संध्याकाळी निघाले तेव्हा बावखल रिकामं होतं. काळा, स्वच्छ तळ आणि मधोमध झिरपून आलेलं वीतभर पाणी. मुलांनी मासे परत सोडले. माझ्या नखांतला गाळ चार दिवस निघाला नाही.

जूनमध्ये मी आमच्या सोसायटीच्या सभेत विषय काढला. गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता बोअरवेलपाशी जमिनीत मुरवू या. दोन सभा लागल्या, पण काम झालं. जमिनीचं जे घेतलं, त्याची ही फार लहान परतफेड आहे.

ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा भुईगावला गेले. बावखल काठोकाठ भरलं होतं. केळीची पानं त्यात वाकून बघत होती, कडेला एक खंड्या बसला होता. आजींनी न बोलता विहिरीचा पोहरा माझ्यापुढे केला. मी ओंजळ भरली. मीठ होतं अजून, पण मे महिन्यापेक्षा कमी.

"किती वर्षं लागतील?" मी विचारलं.

"ते पाणी सांगेल," आजी म्हणाल्या. "तू मे महिन्यात ये. शेजारच्यांचं उपसायचंय."