शरद ऋतु आणि ग्रंथालय

शरद ऋतूचें कौतुक करितांना कवि बहुधा चांदण्याकडे धांव घेतात. कोजागिरीचें चांदणें मनोहर असतें, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ग्रंथालयाच्या भक्तांस ह्या ऋतूंत अधिक प्रिय कांहीं असेल, तर तें म्हणजे दिवसाची कोरडी हवा. कोंकणपट्टींतील चार महिन्यांच्या पावसानें कपाटांत ओल शिरते, पुठ्ठे फुगतात, पानांवर बुरशीचे ठिपके उठतात, आणि कसर नांवाची ती चंदेरी, चपळ कीड बांधणीवरील खळ खाऊं लागते. आश्विनांत आकाश निवळलें म्हणजे ग्रंथ बाहेर काढून झटकावे व वाऱ्यावर ठेवावे, ही जुनी रीत आहे. प्रखर उन्हांत मात्र ते ठेवूं नयेत. त्यानें कागद पिवळा पडतो व शाई फिकी होते. जेथें वारा खेळतो अशा सावलीच्या ओसरीवर ते उघडून उभे करावे, आणि कपाटांत वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

आमच्या गांवच्या वाचनालयांत हें काम दसऱ्याच्या सुमारास चालतें, आणि आम्ही दरवर्षीं मदतीस जातों. अशा वेळीं ग्रंथाचा जो भाग सहसा कोणी वाचीत नाहीं तो आम्ही आवडीनें वाचतों. तो म्हणजे शेवटच्या पुठ्ठ्यास चिकटविलेली तारखांची चिठ्ठी. एकाखालीं एक शिक्के असतात. कोणी तें पुस्तक मे महिन्याच्या सुटींत नेलेलें असतें, तर कोणी ऐन परीक्षेच्या दिवसांत. हा दुसरा वाचक कोण असावा, ह्याचें आम्हांस नेहमीं कुतूहल वाटतें. कांहीं चिठ्ठ्यांवर मात्र एक-दोन शिक्के उमटून पुढें सारें कोरें असतें. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली आहे. ज्या ग्रंथाची चिठ्ठी भरलेली, त्याचे कोपरे झिजलेले असले तरी आंतील पानें बहुधा धड असतात. ज्यास कोणी हात लाविला नाहीं, तो बाहेरून नवा आणि आंतून जाळीदार झालेला असतो. कसरीस ओल, अंधार आणि निवांतपणा लागतो. वारंवार उघडल्या जाणाऱ्या पुस्तकांत तिला तो निवांतपणा मिळत नाहीं.

ह्या वर्षीं ओसरीच्या एका टोकास निराळा ढीग रचिलेला दिसला. चौकशी करितां समजलें कीं, ज्या ग्रंथांस अनेक वर्षांत वाचक मिळाला नाहीं, ते दप्तरांतून कमी करण्यासाठीं काढिले आहेत. ग्रंथपालबाईंस दोष देण्याचें कारण नव्हतें. कपाटें तेवढींच आहेत आणि नवीन ग्रंथ दरवर्षीं येतात. “मार्चअखेरपर्यंत मी थांबेन,” त्या म्हणाल्या, “तोंवर ज्यास वाचक मिळेल, तें पुस्तक पुन्हां कपाटांत लावीन.”

त्या ढिगांतून विष्णुभट गोडसे वरसईकर ह्यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक आम्हीं उचलिलें. त्यावरील शेवटचा शिक्का १९९१ सालचा होता. वरसई हें पेणजवळील गांव. घरच्या कर्जाच्या विवंचनेनें हे गृहस्थ १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाले आणि त्या वर्षीं पेटलेल्या वणव्यांत सांपडले. झांशीस वेढा पडला तेव्हां ते त्या शहरांतच होते. १८५८ च्या एप्रिलांत इंग्रजी फौजा आंत शिरल्या, त्या वेळीं राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाचा जो नाश झाला, त्याची हकीकत त्यांनीं लिहून ठेविली आहे. ज्यास स्वतःच्या जिवाची शाश्वती नव्हती, त्यास पोथ्यांचा विसर पडूं नये, हें वाचून आम्ही पुस्तक मिटून कांहीं वेळ स्वस्थ बसलों. चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या प्रयत्नानें तें १९०७ सालीं छापलें गेलें. पुढें १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार ह्यांनीं मूळ हस्तलिखितावरून तें पुन्हां प्रसिद्ध केलें. एका ग्रंथसंग्रहाच्या नाशाची वार्ता ज्या पुस्तकानें राखिली, तेंच आज दुसऱ्या ग्रंथसंग्रहांतून बाहेर पडण्याच्या वाटेवर होतें! येथें कोणी तरवार उपसली नव्हती. तेहेतीस वर्षांहून अधिक काळ तें मागण्यास कोणी आलें नाहीं, इतकेंच.

डॉ. शि. रा. रंगनाथन हे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. त्यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें जगापुढें मांडिलीं. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हें त्यांपैकीं दुसरें. आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हें तिसरें. दुसऱ्या सूत्रांत वाचकाचा हक्क आहे, तिसऱ्यांत ग्रंथाचा. आपल्या हक्काची आठवण आपणां सर्वांस असते. ग्रंथास तोंड नाहीं; त्याचा हक्क दुसऱ्या कोणी तरी बोलून दाखवावा लागतो.

शरदांतील वाचन म्हटलें कीं मराठी माणसास दिवाळी अंक आठवतात. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनीं आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढिला आणि ती प्रथा महाराष्ट्रांत रुजली. वाचनालयांत अंक येतांच एरवीं न दिसणारीं माणसें दिसूं लागतात. आम्हीही रांगेंत उभे राहतों, आणि पुढच्याच्या हातांतील अंकावर डोळा ठेवितों. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस आपल्या राज्यांत २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तोही ह्याच ऋतूंत. ह्या मानानें आम्हांस आनंद झाला. परंतु भाषेचा खरा मान चिठ्ठीवरील शिक्क्यांनीं मोजावा, असें आम्हांस त्या ओसरीवर वाटलें.

घरच्या पुस्तकास मुदत नसते, म्हणून तें ‘उद्यां वाचूं’ ह्या आश्वासनावर वर्षानुवर्षें तिष्ठत राहतें. वाचनालयाचें पुस्तक पंधरा दिवसांत परत करावयाचें असतें. म्हणून तें आम्ही सकाळच्या चहाबरोबर, एसटीची वाट पाहतांना, भात शिजेपर्यंतच्या अवकाशांत वाचून काढितों. आपलें नव्हे म्हणून तें जपून हाताळावें लागतें, आणि द्यावयाचें आहे म्हणून मन लावून वाचावें लागतें. पुस्तक परत गेलें तरी वाचलेलें आपल्यापाशीं राहतें, आणि तें कोणी परत मागत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेच्या किंवा गांवच्या ग्रंथालयांत एकदां जा आणि ज्याची चिठ्ठी फार दिवस कोरी आहे असें एक पुस्तक मागून घ्या. तें आवडेलच, असें वचन आम्ही देत नाहीं. दहा पानें वाचून कंटाळा आला तरी त्यास वारा लागला, एवढें काम झालेंच. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलांस ग्रंथालयांत धाडतांना आपणही त्यांच्यासोबत आंत जावें. दारांत वाट पाहत उभे राहूं नये.

‘माझा प्रवास’वर नवा शिक्का पडला आणि तें कपाटांत गेलें. आमच्यामागून इयत्ता आठवींतील एका मुलीनें तें नेलें, असें ग्रंथपालबाईंनीं सांगितलें. ओसरीवरील ढीग अद्याप बराच मोठा आहे, आणि मार्च फार दूर नाहीं.