यादीतून नाव गेलं, तर दाद कुणाकडं मागायची?

चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ या पट्ट्यात स्लॅबवर सोलर बसवायचं ठरलं की घरातला पहिला प्रश्न असतो, सबसिडी किती? त्याचं उत्तर सोपं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागं ३०,००० रुपये, आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठी सिस्टीम असेल तर एकूण ७८,००० रुपये मिळतात. ‘हे पॅनेल सरकारच्या यादीत आहे का?’ असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर सगळी सबसिडी त्याच प्रश्नावर अडकलेली असते.

पॅनेल उलटं करून बघा. मागच्या बाजूला, जंक्शन बॉक्सच्या आसपास, एक स्टिकर असतं. त्यावर मॉडेल, वॉट, व्होल्टेज, करंट, ‘आयएस १४२८६’ आणि भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक मिळण्याआधी त्या मॉडेलचे नमुने ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात हजार तास ठेवलेले असतात. उणे ४० ते ८५ अंशांच्या दोनशे फेऱ्या झालेल्या असतात. काचेवर २५ मिलिमीटरचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगानं मारलेले असतात. २०१४ची गारपीट ज्या मराठवाड्यानं सोसली, त्याला या शेवटच्या चाचणीचं मोल वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टरची चाचणी आणखी महत्त्वाची. लाइन गेली की त्यानं दोन सेकंदांच्या आत वीज सोडणं थांबवलं पाहिजे, कारण तेव्हा खांबावर लाइनमन चढलेला असू शकतो.

म्हणून मंजुरीची पद्धत कडकच हवी, यात माझ्या मनात शंका नाही. ढिलाईची मागणी करणाऱ्यांच्या बाजूनं मी कधी बोलणार नाही. माझं म्हणणं आहे ते मंजुरी नाकारल्यानंतरच्या वाटेबद्दल.

ब्यूरोच्या नोंदणीवर केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं २ जानेवारी २०१९च्या आदेशानं आणखी एक यादी आणली, एएलएमएम, म्हणजे मंजूर मॉडेल आणि उत्पादकांची यादी. मार्च २०२३मध्ये तिला एका आर्थिक वर्षासाठी स्थगिती मिळाली आणि १ एप्रिल २०२४पासून ती पुन्हा लागू झाली. दरम्यान मे २०२३मध्ये कार्यक्षमतेची अट आली. छतावरच्या आणि सौरपंपाच्या सिलिकॉन पॅनेलसाठी किमान १९.५ टक्के. आपल्याकडच्या जुन्या छतांवर दिसणारं निळं ३३५ वॉटचं पॅनेल जेमतेम १७ टक्क्यांच्या घरात येतं, ते साहजिकच बाहेर राहिलं. त्याबद्दल तक्रार नाही.

प्रश्न येतो तो काठावरच्या मॉडेलचा. चांगल्या प्रयोगशाळेतही पॅनेलची ताकद मोजताना सुमारे दोन टक्क्यांची अनिश्चितता राहते. १९.५चे दोन टक्के म्हणजे ०.३९. एखाद्या प्रयोगशाळेत १९.३ आलेलं पॅनेल दुसरीकडं १९.६ येऊ शकतं, आणि दोन्ही प्रयोगशाळा प्रामाणिक असू शकतात. पास की नापास हे मात्र एकाच आकड्यावर ठरतं. इथं दुसऱ्या, त्रयस्थ नजरेची गरज पडते. प्रमाणन संस्थांसाठीचं आयएसओ/आयईसी १७०६५ हे मानक तेच सांगतं: मूळ निर्णयाच्या कामात असलेल्या माणसानं त्याच निर्णयावरचं अपील निकाली काढू नये. त्या कंपनीत गेल्या दोन वर्षांत नोकरी किंवा सल्लागारी केलेल्यालाही त्या निकालापासून दूर ठेवायचं असतं.

आपल्याकडं २०१६च्या मानक ब्यूरो कायद्यात अपिलाची सोय आहे. ते जातं ब्यूरोच्याच महासंचालकांकडं आणि त्यापुढं केंद्र सरकारकडं. म्हणजे पायऱ्या आहेत, पण जिना एकाच वाड्यातला. ऑस्ट्रेलियात पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांची यादी क्लीन एनर्जी कौन्सिल ही उद्योगाचीच संघटना सांभाळते. जुलै २०२५पासून तिथं घरगुती बॅटरीच्या सवलतीलाही ती यादी लागते. यादी ठेवणारा सरकारी असो की उद्योगातला, त्याच्या निर्णयावर बाहेरच्या माणसानं नजर टाकायला हवी, हे दोन्हीकडं तितकंच खरं.

त्रयस्थाची सोय आपल्याला अशक्य नाही, हे वीजबिलाच्या बाबतीत महाराष्ट्रानं दाखवलंय. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ४२ प्रमाणं ग्राहक आधी वितरण कंपनीनं स्थापलेल्या गाऱ्हाणे निवारण मंचाकडं जातो. तिथं समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडं. लोकपाल नेमतो राज्य वीज नियामक आयोग, कंपनी नव्हे. चाकूरचा माणूस वकील न लावता साध्या अर्जावर तिथवर पोचू शकतो.

हीच सोय मालाच्या मंजुरीला का नसावी? मोठी कंपनी उच्च न्यायालयात जाईल. छोटा उत्पादक दमेल. आणि ज्यानं सोयाबीनच्या पैशातून आगाऊ रक्कम भरली, त्याला तर या वादात पक्षकार म्हणून जागाच नाही. माल बसवायच्या आत मॉडेल यादीतून गेलं, तर सबसिडी अडते त्याची.

मला तीन गोष्टी हव्यात. नापास करताना मोजलेला आकडा आणि त्याची अनिश्चितता लेखी द्यावी. काठावरच्या मॉडेलची फेरचाचणी दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हावी आणि अपील मंत्रालय व ब्यूरोबाहेरच्या तज्ज्ञांनी ठराविक मुदतीत ऐकावं. आणि मॉडेल वगळलं जाण्याआधी ज्यांचा अर्ज पोर्टलवर नोंदला गेला, त्यांची सबसिडी त्या कारणानं रोखू नये. ते होईपर्यंत मी गिऱ्हाइकाला सांगतो की कोटेशनवर मॉडेल नंबर लिहून घ्या, त्या दिवशीच्या यादीचं पान छापून सोबत जोडा आणि दोन्हींवर डीलरची सही घ्या.