शिंक

आमच्या मुलुंडच्या बिऱ्हाडात शिंकेला मोठा मान. बाहेर निघताना कुणी शिंकले की आई निघणाऱ्याला खाली टेकायला लावी. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'चा हिंदी अवतार, 'गली गली सिम सिम', २००६ साली दूरचित्रवाणीवर आला, तेव्हा मला तो जरा अचरटच वाटला. अक्षरे शिकवायची तर पाटी घ्यावी. बाहुल्यांचा गलबला कशाला? गणवेशातली चमकी एकवेळ ठीक. पण ती आंचू शिंकली की थेट भलत्याच ठिकाणी पोहोचायची!

एके सकाळी मी ८.१२ साठी जोडे चढवत होतो. मागून शिंक आली.

"बैस जरा," आई म्हणाली.

बसलो, चरफडतच. पुन्हा शिंक, ही तर उघड उघड खोटी. वळून पाहिले. साडेचार वर्षांचे चिरंजीव नाकाशी दोऱ्याचे टोक धरून उभे, डोळे गच्च मिटलेले.

"काय रे हे?"

"तुझ्या ऑफिसात चाललोय. पोचलो का, बाबा?"

रात्री मी परतायचो तेव्हा तो झोपलेला असायचा.

८.१२ गेली. त्यामागची गाडीही गेली.