शिव्या देत शिरला, की शिरून शिव्या दिल्या?

इंग्रजीतील ‘-इंग’ हा प्रत्यय शाळेत शिकताना अगदी निरुपद्रवी वाटतो. त्याच प्रत्ययाने एका साक्षीचा अर्थ पालटलेला मी वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत पाहिला. त्यात दोष माझा होता, म्हणूनच हे लिहीत आहे.

सीमाभागातील एका न्यायालयात गृह-अतिक्रमणाचा खटला चालला होता. विधवा वहिनीच्या घरात दीर शिरला, अशी फिर्याद होती. फिर्यादीच्या ज्येष्ठ वकिलांचा मी कनिष्ठ सहायक होतो. शेजारची एक वृद्ध मराठी भाषक बाई साक्षीला उभी होती. ती म्हणाली, “तो शिव्या देत घरात शिरला.” साक्ष इंग्रजीत टंकलिखित होत होती. शब्द अडले, तेव्हा मीच तत्परतेने वाक्य पुरवले : “एंटरिंग द हाउस, ही अब्यूज्ड हर.” ते कागदावर उतरले. साक्ष संपल्यावर तिला सारांश सांगून “बरोबर आहे ना?” असे विचारणाराही मीच. तिने मान हलवली आणि अंगठा उमटवला.

आता व्याकरण पाहू. गतीचे वर्णन करताना मराठी आत जाण्याची दिशा बहुधा मुख्य क्रियापदात ठेवते आणि त्या वेळची रीत धातुसाधितात सांगते : धावत शिरला, रडत आली, शिव्या देत शिरला. इंग्रजी बहुधा उलट करते. तिथे दिशा ‘इंटू’ या चिमुकल्या शब्दात असते आणि रीत क्रियापदात : ‘रॅन इंटू द हाउस’. लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने भाषांचे असे दोन गट प्रसिद्धच केले आहेत. मी मात्र तिच्या वाक्यातील प्रवेश धातुसाधितात ढकलला आणि शिवीगाळ मुख्य क्रिया केली.

इथेच ‘एंटरिंग’ या रूपाची दुसरी अडचण पुढे येते. त्यात काळाचा क्रम निश्चित होत नाही. मराठीला मात्र निवड करावीच लागते. ‘शिरताना शिव्या दिल्या’ म्हणजे प्रवेश आणि शिवीगाळ एकाच वेळी. ‘शिरताच’ म्हणजे पाऊल आत पडल्याबरोबर. ‘शिरून’ म्हणजे आधी प्रवेश, शिव्या नंतर. ‘शिव्या देत शिरला’ म्हणजे तोंडातली शिवी उंबरठ्याबाहेरूनच चालू. चार स्वतंत्र विधाने एका ‘एंटरिंग’मध्ये गडप होऊ शकतात.

कायद्याच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नव्हता. भारतीय दंड संहिता, 1860 च्या 441व्या कलमानुसार अतिक्रमण ठरण्यासाठी नुसता प्रवेश पुरत नसे. अपराध करण्याचा किंवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा उद्देश प्रवेशासोबत असावा लागे. अथवा कायदेशीरपणे आत आलेला मनुष्य अशा उद्देशाने बेकायदा तिथेच थांबलेला असावा लागे. प्रतिपक्षाच्या वकिलांनी माझ्याच वाक्यावर बोट ठेवले. दीर नात्याचा, येणेजाणे नेहमीचे; तो सरळपणे आत आला असेल, वाद मागाहून पेटला असेल. ‘एंटरिंग’ हा शब्द त्यांना आडवा येत नव्हता. गृह-अतिक्रमणाचा आरोप टिकला नाही.

निकालानंतर ती वृद्धा व्हरांड्यात भेटली. रागाचा सूर नव्हता. होता निव्वळ अचंबा. “वकीलसाहेब, तो शिव्या देतच आत आला की वो! मी तसंच सांगितलं होतं.” तिने सांगितले होते, यात शंकाच नव्हती. तिच्या वाक्यात उद्देश स्पष्ट होता; तो माझ्या वाक्यात पुसट झाला.

त्या वाक्याला इंग्रजीत योग्य रूप नव्हते असे नाही. ‘ही केम इंटू द हाउस, हर्लिंग अब्यूजेस’ एवढे लिहिले असते, तरी अर्थ वाचला असता. आणि एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. साक्ष कन्नडमध्ये उतरली असती, तरीही अर्थ सुरक्षित राहिला असता. ‘बैयुत्ता ओळगे बंद’ हे आपल्या ‘शिव्या देत आत आला’ याचेच जुळे भावंड आहे. ‘बंदु’ आणि ‘बरुत्ता’ यांतील भेद म्हणजे ‘येऊन’ आणि ‘येत’ यांतील भेद. शतकानुशतके शेजारी नांदलेल्या या दोन भाषांना जे सहज सांगता येते, ते मी घाईने तिसरीत नेताना हरवले.

साक्षीदाराचे म्हणणे शक्य तर त्याच्याच भाषेत नोंदवावे, अन्यथा त्याचे खरे भाषांतर व्हावे, तसेच नोंद त्याला समजणाऱ्या भाषेत ऐकवावी, या तरतुदी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 277 आणि 278 या कलमांत होत्या. 2023 च्या नव्या संहितेतही त्या आहेत. बेळगाव असो, गोवा असो, वडोदरा असो वा हैदराबाद, साक्षीला उभे राहाल तेव्हा सारांशावर मान हलवू नका. वाक्य न् वाक्य ऐका. ‘देत’ म्हणाला असाल आणि कागदावर ‘देऊन’ उतरले असेल, तर तिथेच हरकत नोंदवा. त्या वृद्धेला हे सांगण्याचे काम माझे होते. ते मी त्या दिवशी केले नाही.